मदत हवी आहे: पांढऱ्या पेशींमधले ग्लायकोलिपिड, ती चार साखरांची पट्टी नक्की कुणाची?

नमस्कार मंडळी, धागा जरा लांब होणार आहे, आधीच माफी मागते. मी बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करतेय, दुसरं वर्ष. प्रोजेक्टचा विषय डुकराच्या पांढऱ्या रक्तपेशींमधले ग्लायकोलिपिड (साखरा जोडलेले स्निग्ध रेणू), म्हणजे त्यात कुठले कुठले आहेत आणि ते पेशीत बनतात कसे. तीन आठवडे एका जागी अडकून पडलेय, गाईड सर महिनाभर बाहेरगावी आहेत आणि लॅबमध्ये हा विषय आधी कुणी केलेलाच नाही, त्यामुळे विचारायला कुणी नाही.

काय केलं ते सविस्तर सांगते, चूक कुठेतरी तिथेच असणार. सकाळी सहाला फार्मवर जाऊन ईडीटीए घातलेल्या बाटल्यांमध्ये साधारण अर्धा लिटर रक्त आणलं, बर्फाच्या डब्यातून. डेक्स्ट्रान घालून तासभर उभं ठेवलं, तांबड्या पेशी खाली बसल्या, वरचं पिवळसर पाणी काढून फिरवलं. पेलेट, म्हणजे तळाशी बसलेला गाळ, लालच होता म्हणून अमोनियम क्लोराइडने उरलेल्या तांबड्या फोडल्या. मग परत फिरवलं तर पेलेट सैल बसत होता, ओतताना निसटून जायचा, म्हणून एका सीनियरने सांगितलं स्पीड वाढव. मी मोठ्या सेंट्रिफ्यूजमध्ये 15,000 ग्रॅव्हिटीला वीस मिनिटं फिरवलं. छान घट्ट, जवळजवळ पांढरा पेलेट आला, तीनदा धुतला. खूप बरं वाटलं तेव्हा.

पुढे क्लोरोफॉर्म-मिथेनॉल दोनास एक, मग मिथेनॉलमधल्या सौम्य अल्कलीने साधे फॉस्फोलिपिड तोडले, डीईएई कॉलमवरून आम्लधर्मी भाग वेगळा काढला आणि जो न्यूट्रल भाग राहिला तो सिलिका प्लेटवर लावला. सॉल्व्हंट क्लोरोफॉर्म-मिथेनॉल-पाणी 65:25:4. साखर असेल तिथे रंग आणणारं ऑर्सिनॉल मारून ओव्हनमध्ये ठेवलं आणि दार उघडलं तेव्हा जांभळ्या पट्ट्या इतक्या स्वच्छ आल्या होत्या की मी तिथेच फोटो काढून आईला पाठवला.

आता अडचण. वर एका साखरेच्या जागी फिकट पट्टी, दोन साखरांच्या जागी बऱ्यापैकी ठळक जोडी, तीनच्या जागी जेमतेम काहीतरी आणि चार साखरांच्या जागी सगळ्यात गडद, तीही जोडीने. मी जे वाचलंय त्यात माणसाच्या न्यूट्रोफिलमध्ये (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) लॅक्टोसिलसेरामाइडच, म्हणजे दोन साखरांचाच, जवळजवळ दोन तृतीयांश असतो. मग माझ्याकडे चारवाला एवढा का? डुक्कर वेगळं म्हणून? का मी काहीतरी भलतंच मोजतेय?

दुसरा प्रश्न, मागच्या प्रेझेंटेशनला मला विचारलं होतं की हे ग्लायकोलिपिड पांढरी पेशी स्वतः बनवते हे तू कशावरून म्हणतेस. मी म्हटलं पेशीत सापडले म्हणून. पुढे काही बोलता आलं नाही, घरी येऊन रडले. कुणी नीट समजावून सांगेल का?

प्रतिसाद

ताई, घाबरू नका, तुमची प्लेट चांगली आली आहे आणि प्रश्नही बरोबर पडलाय. मी पंधरा वर्षं लिपिडवर काम केलं, आता शिकवतो.

पहिली शंका मला त्या 15,000 ग्रॅव्हिटीची येते. अमोनियम क्लोराइडने तांबडी पेशी फुटते म्हणजे काय होतं, आतलं हिमोग्लोबिन बाहेर पडतं, बस. पेशीचं कातडं तसंच राहतं, त्याला आपण घोस्ट म्हणतो, आणि ग्लायकोलिपिड तर सगळे त्या कातड्यातच असतात! हे घोस्ट हलके असतात, 200-250 ग्रॅव्हिटीला दहा मिनिटं फिरवलं तर पांढऱ्या पेशी खाली बसतात आणि बरेचसे घोस्ट वरच्या पाण्यात राहून ओतले जातात. तुम्ही 15,000 ला फिरवलंत तेव्हा ते सगळे खाली येऊन पांढऱ्या पेशींवर बसले. रंग गेलेला असतो त्यामुळे पेलेट पांढरा दिसतो आणि आपल्याला वाटतं स्वच्छ झालं. सीनियरचा काही दोष नाही, पेलेट निसटला की सगळे हेच करतात.

आणि डुकराच्या तांबड्या पेशीत मुख्य ग्लायकोलिपिड कोणता? ग्लोबोसाइड. चार साखरांचा. माणसाच्या तांबड्या पेशीतही तोच.

जरा आकडे मांडून बघा. डुकराच्या एका मायक्रोलिटर रक्तात तांबड्या पेशी साधारण 50 ते 80 लाख आणि पांढऱ्या 11 ते 22 हजार. समजा 60 लाख आणि 15 हजार धरले. डेक्स्ट्रानने आणि पुढच्या सगळ्या खटाटोपाने तुम्ही 99 टक्के तांबड्या काढल्यात, तरी 60 हजार उरल्या, म्हणजे एका पांढऱ्या पेशीमागे चार तांबड्या! पांढरी पेशी मोठी असते, तिच्यात लिपिड जास्त, हे मान्य, तरीसुद्धा चार घोस्टांचा ग्लोबोसाइड प्लेटवर दिसणारच.

पुढच्या वेळी एक करा, त्याच जनावराच्या तांबड्या पेशींचे घोस्ट मुद्दाम वेगळे बनवा आणि शेजारच्या लेनमध्ये लावा. जोडीतल्या दोन्ही रेघांची उंची आणि गडदपणा अगदी जुळला तर उत्तर तुमच्या डोळ्यासमोर असेल.

प्रतिसाद

वरच्या सरांशी सहमत. एक भर घालते. प्लेटलेट विसरू नका! माणसाच्या प्लेटलेटमध्ये मुख्य न्यूट्रल ग्लायकोलिपिड लॅक्टोसिलसेरामाइडच आहे, म्हणजे तुम्हाला जो दोन साखरांचा ‘बरोबर’ वाटतोय त्यातलाही काही भाग प्लेटलेटचा असू शकतो. कमी स्पीडला दोनदा धुतलं की प्लेटलेटही बऱ्याच वर राहतात. शेवटच्या धुण्यानंतर एक थेंब काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचं आणि मोजून वहीत लिहायचं, पांढऱ्या किती, तांबड्या किती, प्लेटलेट किती. परीक्षक पहिलं हेच विचारतात, आणि वहीत आकडा असला की बोलायला धीर येतो.

धागाकर्ती

सर, ताई, खूप खूप आभार. पेलेट पांढरा म्हणजे तांबड्या गेल्या असंच मी धरून चालले होते. आता दोन बारीक प्रश्न विचारू का? पट्ट्या जोडीने का येतात, ते दोन वेगळे पदार्थ आहेत का? आणि चार साखरांचा म्हणजे ग्लोबोसाइडच कशावरून, पुस्तकात पॅराग्लोबोसाइड पण चार साखरांचा आहे.

प्रतिसाद

परत मीच, लिपिडवाला.

जोडीचं कारण शेपटीत आहे. ग्लायकोलिपिडची रचना अशी डोळ्यासमोर आणा, डोक्याला साखरा, खाली सेरामाइड. सेरामाइड म्हणजे स्फिंगोसिनला अमाइड बंधाने जोडलेलं एक फॅटी ॲसिड. हे फॅटी ॲसिड कधी 16 कार्बनचं असतं, कधी 24 चं. लांब शेपटीवाला रेणू प्लेटवर थोडा वर पळतो, आखूडवाला किंवा हायड्रॉक्सी फॅटी ॲसिडवाला थोडा मागे राहतो. साखरा त्याच, त्यामुळे एकाच पदार्थाच्या दोन रेघा. ही शेपूट बिनमहत्त्वाची समजू नका हं. न्यूट्रोफिलमध्ये लॅक्टोसिलसेरामाइड पेशीच्या आतल्या लिन नावाच्या एन्झाइमला संदेश पोचवतो, आणि त्यासाठी 24 कार्बनची शेपूट लागते, 16 वाल्याने ते काम होत नाही.

ग्लोबोसाइड आणि पॅराग्लोबोसाइडचं म्हणाल तर तिथेच खरी मजा आहे. दोघांची सुरुवात सारखी, सेरामाइड, ग्लुकोज, गॅलॅक्टोज. इथवर लॅक्टोसिलसेरामाइड. इथून रस्ते फुटतात. गॅलॅक्टोजवर आणखी एक गॅलॅक्टोज अल्फा बंधाने बसला की तो ग्लोबो घराण्यात गेला, मग त्यावर एन-ॲसिटाइल गॅलॅक्टोसअमाइन बसला की ग्लोबोसाइड. लॅक्टोसिलसेरामाइडवर त्या अल्फा गॅलॅक्टोजऐवजी एन-ॲसिटाइल ग्लुकोसअमाइन बसला तर निओलॅक्टो घराणं, त्यावर गॅलॅक्टोज आला की पॅराग्लोबोसाइड. आणि सियालिक ॲसिड बसलं तर जीएम3, तो गँग्लिओसाइड, तुमच्या डीईएई कॉलमने वेगळा काढलेल्या भागात असेल, तो भाग टाकून दिला नसलात तर बरं. माणसाचे न्यूट्रोफिल मुख्यतः निओलॅक्टोच्या रस्त्याने जातात, तांबड्या पेशी ग्लोबोच्या.

प्लेटवर ग्लोबोसाइड आणि पॅराग्लोबोसाइड अगदी जवळजवळ पळतात, नुसत्या उंचीवरून छातीठोकपणे सांगू नका. ती पट्टी खरवडून काढा, दोन भाग करा, एकाला बीटा गॅलॅक्टोसिडेझ आणि दुसऱ्याला बीटा हेक्सोसअमिनिडेझ द्या, सोबत पित्तक्षारांसारखं डिटर्जंट लागतं नाहीतर एन्झाइम लिपिडला शिवत नाही. पहिल्याने तुटून तीन साखरा उरल्या तर टोकाला गॅलॅक्टोज होता, पॅराग्लोबोसाइड. दुसऱ्याने तुटला तर ग्लोबोसाइड. ही दोन्ही एन्झाइम जॅक बीनमधून काढलेली मिळतात, आपल्या अबईच्या शेंगेची बहीण ती.

प्रतिसाद

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण ‘सापडला म्हणजे बनवला’ यात मीही एकदा फसलोय.

रक्तगटाचं उदाहरण घ्या. लुइस रक्तगट तांबड्या पेशीवर तपासतात, पण लुइसचे ग्लायकोलिपिड तांबडी पेशी बनवतच नाही, ते प्लाझ्मातून येऊन तिच्या कातड्यात बसतात. हे 1969 मध्येच दाखवलं गेलं. लिम्फोसाइटसुद्धा ते प्लाझ्मातून उचलतात. प्लाझ्मातल्या लायपोप्रोटीनवर ग्लायकोलिपिड फिरतच असतात आणि कितीही धुतलं तरी कातड्यात रुतलेला लिपिड निघत नाही. म्हणजे तुमच्या परीक्षकांचा प्रश्न अगदी रास्त होता, तुम्हाला त्रास द्यायला विचारलेला नव्हता, मनाला लावून घेऊ नका.

बनण्याची वाट थोडक्यात सांगतो. सुरुवात एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये, सेरीन आणि पामिटॉइल कोएन्झाइम ए जोडले जातात, या एन्झाइमला बी6 जीवनसत्त्व लागतं. दोन-तीन पायऱ्यांनी सेरामाइड तयार होतो, तो गॉल्जीला जातो. तिथे ग्लुकोज बसतो, यूडीपी-ग्लुकोजकडून, आणि गंमत म्हणजे हे काम गॉल्जीच्या बाहेरच्या, सायटोप्लाझमकडच्या अंगाला होतं! मग तो रेणू पालथा होऊन आत जातो आणि पुढच्या सगळ्या साखरा आतल्या बाजूला बसतात. म्हणूनच पेशीच्या पृष्ठभागावर पोचल्यावर साखरा बाहेरच्या दिशेला असतात. इथे प्रोटीनसारखा साचा नसतो, कुठली साखर पुढे बसणार ते त्या पेशीत कुठलं ट्रान्सफरेझ, म्हणजे साखर बसवणारं एन्झाइम, आहे त्यावर ठरतं. एचएल-60 नावाच्या ल्युकेमियाच्या पेशी आहेत, त्यांना फोरबॉल एस्टर देऊन मॅक्रोफेजच्या वाटेला लावलं की जीएम3 वाढतो, आणि रेटिनॉइक ॲसिडने ग्रॅन्युलोसाइटच्या वाटेला लावलं की निओलॅक्टो घराण्यातले गँग्लिओसाइड वाढतात. पेशी तीच, नुसती कुठे वळली त्यावर साखरा बदलल्या.

सिद्ध कसं करायचं? पेशीला खुणेची साखर किंवा खुणेचं सेरीन द्यायचं आणि कुठल्या पट्टीत खूण उतरते ते बघायचं. किरणोत्सारी कार्बन वापरायला परवानगी लागते, कॉलेजला नसेल तर जड कार्बन आणि मास स्पेक्ट्रोमीटर. गॅलॅक्टोज देणार असाल तर एक लक्षात ठेवा, पेशीत यूडीपी-गॅलॅक्टोजचं यूडीपी-ग्लुकोज सहज होतं, त्यामुळे खूण ग्लुकोजमध्येही सापडेल, गोंधळू नका. न्यूट्रोफिल बाहेर काढल्यावर फार टिकत नाहीत आणि त्यांचं बरंचसं बनवणं अस्थिमज्जेतच उरकलेलं असतं, म्हणून लिम्फोसाइट घ्या, फायकॉलवर वेगळे करा, कॉनकॅनाव्हॅलिन ए देऊन जागे करा आणि दोन-तीन दिवस वाढवा. एका डिशमध्ये मिग्लुस्टॅट घाला, ते ग्लुकोज बसवणारं एन्झाइम अडवतं. साध्या डिशमध्ये खूण उतरली आणि मिग्लुस्टॅटवालीत नाही, तर तो लिपिड पेशीनेच बनवला. परीक्षकांना हे सांगा, तुमच्या वर्षात प्रयोग झाला नाही तरी चालेल.

प्रतिसाद

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, संशोधन वगैरे नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे गोशे आजाराच्या तपासणीला लहान मुलांचं रक्त येतं आणि आम्ही पांढऱ्या पेशी वेगळ्या करून त्यात ग्लुकोसेरेब्रोसिडेझ एन्झाइम मोजतो. माणसाच्या शरीरात रोज साधारण 100 अब्ज न्यूट्रोफिल मरतात, त्यांना मॅक्रोफेज गिळतात आणि तुम्ही लोक ज्या लॅक्टोसिलसेरामाइडबद्दल बोलताय तो एकेक साखर काढत तोडतात. ते एन्झाइम नसलं की शेवटची ग्लुकोज निघत नाही, तांबड्या-पांढऱ्या दोन्ही पेशींचा माल साठत जातो, प्लीहा सुजून पोट फुगतं. बोन मॅरोच्या काचपट्टीवर ती पेशी दिसते ना, आतून चुरगळलेल्या टिश्यू पेपरसारखी. ताई, तुम्ही एक फिकट म्हणून सोडून दिलीत ना वरची एका साखरेची पट्टी, ती तीच. तिच्याकडेही नीट बघा.

प्रतिसाद

व्हेटर्नरीवाला. डुक्कर वापरताय म्हणून दोन गोष्टी. एक, डुकरात माणसात नसलेल्या साखरा आहेत. टोकाला अल्फा बंधाने बसलेला गॅलॅक्टोज, आणि सियालिक ॲसिडचा एन-ग्लायकोलिल प्रकार, तो बनवणारं जनुक माणसात बंद पडलंय. 2022 च्या जानेवारीत अमेरिकेत मेरीलँडला डुकराचं हृदय माणसाला बसवलं तेव्हा जनुकांत जे दहा बदल केले होते त्यातले तीन असल्या साखरांसाठीच होते. म्हणून माणसाच्या पेपरमधली यादी समोर ठेवून डुकराच्या पट्ट्यांना नावं देऊ नका, पाच साखरांच्या जागी काही दिसलं तर अल्फा गॅलॅक्टोसिडेझ देऊन बघा.

दोन, फार्मवर मक्याचं खाद्य कसलं आहे ते विचारा. बुरशी लागलेल्या मक्यात फ्युमोनिसिन नावाचं विष असू शकतं, ते सेरामाइड बनवणारं एन्झाइमच अडवतं, डुकरांच्या फुप्फुसात पाणी होतं त्याने. पावसाळ्यात गोदामातला मका असेल तर जनावर दिसायला धडधाकट असूनही रक्तातला स्फिंगॅनिन (सेरामाइडचा कच्चा माल) वाढलेला असू शकतो. तुमचा विषयच हे लिपिड बनतात कसे हा आहे, तर खाद्याची नोंद हवीच.

धागाकर्ती

दीड महिन्याने येतेय, उशिराबद्दल क्षमस्व, मध्ये सेमिस्टर होती.

सांगितलं तसं सगळं परत केलं. या वेळी 200 ग्रॅव्हिटी, दहा मिनिटं, चार वेळा, आणि वरचं पाणी ओतून न देता पिपेटने हळूहळू काढलं. ओतायचंच नसेल तर पेलेट निसटतो कुठून, हे मला आधी सुचलंच नव्हतं. एका पांढऱ्यामागे तांबड्या किती ते मोजून वहीत लिहिलं. शेजारच्या लेनला घोस्ट लावले, पलीकडे जुना 15,000 वाला नमुना. ओव्हनमधून प्लेट काढली आणि बघतच राहिले. जुन्या नमुन्याची चार साखरांची जोडी आणि घोस्टांची जोडी इतकी सारखी की पट्टी धरून आखल्यासारखी. नव्या नमुन्यात दोन साखरांवाली जोडी सगळ्यात ठळक आणि चारवाली फिकट.

फिकट, पण गेलेली नाही. मायक्रोस्कोपखाली जेवढ्या तांबड्या मोजल्या त्या मानाने ती मला जास्तच वाटते. सर परत आलेत, ते म्हणाले ही उरलेली पट्टी हाच आता तुझा प्रोजेक्ट. दोन्ही एन्झाइम मागवलीत, एक आलंय. फार्मवर खाद्याचंही विचारलं, मका जुन्या पोत्यातला आहे म्हणे, एक मूठ पिशवीत भरून आणलीय. आम्लधर्मी भाग टाकला नव्हता हो सर, फ्रीझरमध्ये आहे, उणे 20 ला.

एकच शेवटचं विचारायचं होतं. खरवडलेल्या सिलिकातून लिपिड परत काढताना माझा निम्म्याहून जास्त वाया जातोय. क्लोरोफॉर्म-मिथेनॉल एकास एक घेतलं तर सिलिका पण येते सोबत, गाळूनही पांढुरकं राहतं. तुम्ही लोक काय करता?

प्रतिसाद

शाब्बास ताई! त्यात थोडं पाणी घाला, क्लोरोफॉर्म-मिथेनॉल-पाणी 30:60:8, सौम्य सोनिकेशन पाच मिनिटं, फिरवा, वरचं काढा, असं तीनदा. मग वाळवून लहानशा सी-18 कॉलमवरून पाण्याने धुऊन घ्या, सिलिकाचा चुरा आणि क्षार निघून जातील, लिपिड मिथेनॉलने उतरवा. काचेच्याच नळ्या वापरा, प्लास्टिकच्या नकोत, क्लोरोफॉर्ममध्ये प्लास्टिक विरघळून प्लेटवर नको ते डाग येतात. आणि एन्झाइमचा निकाल लागला की इथेच लिहा, मी वाट बघतोय.